न संपणारा थकवा: उपचारांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात राहते आणि काही वर्षांपासून एमई/सीएफएस या न संपणाऱ्या थकव्याच्या आजारासोबत जगते आहे. मी डॉक्टर नाही. ओळखीतून फोन येतात, कधी कळव्याहून, कधी कोपरखैरण्याहून, आणि फिरून फिरून तेच प्रश्न समोर येतात. ॲलोपॅथी घ्यावी की आयुर्वेद, हा त्यातला सगळ्यात मोठा. माझं मत विचाराल तर पॅथी कुठलीही असो, तिला मोजायचं माप एकच: उपचारानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तुमचं शरीर काय सांगतं? खालची सगळी उत्तरं त्याच अंगाने लिहिली आहेत. मात्र इथलं वाचून कुठलंही औषध परस्पर सुरू किंवा बंद करू नका, आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.

सारखा थकवा येतो, म्हणजे मला हा आजार झालाय का?

बहुधा नाही. सकाळी सातची लोकल पकडून रात्री नऊला घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून घरी परतणारा माणूस थकणारच. दोन दिवस नीट झोप झाली की तो थकवा उतरतो.

मी ज्याबद्दल लिहिते आहे तो एमई/सीएफएस, म्हणजे मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम. जागतिक आरोग्य संघटनेने 1969 सालीच तो मज्जासंस्थेच्या आजारांत नोंदवला. त्याची खरी खूण अशी, की जरा जास्त काम झालं, लादी पुसली, लग्नाला जाऊन आलं, तासभर मीटिंगमध्ये डोकं चालवलं, की काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी माणूस कोसळतो. घसा दुखतो, अंग मोडून येतं, डोकं बधिर होतं, साधे शब्द आठवत नाहीत, उजेड आणि आवाज सहन होत नाही. हे दिवसचे दिवस टिकतं, कधी आठवडेही. रुग्ण याला क्रॅश म्हणतात, मीही तोच शब्द वापरते. क्रॅश होत नसेल तर थकव्याचं कारण बहुतेक वेळा दुसरं असतं, आणि ते शोधून काढायलाच हवं.

आधी कोणत्या तपासण्या करून घ्याव्यात?

या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण बरा होणारा थकवा इथेच सापडतो. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉईड), तीन महिन्यांची सरासरी साखर, बी-12, व्हिटॅमिन डी, लिव्हर, किडनी, कॅल्शियम, ईएसआर किंवा सीआरपी (शरीरातली सूज दाखवणाऱ्या चाचण्या) आणि लघवीची साधी तपासणी, एवढं तर हवंच. लक्षणं पाहून डॉक्टर सीलिॲक (गव्हातलं ग्लुटेन न सोसणारा आजार), एचआयव्ही, स्नायूंचं सीपीके वगैरे जोडतात.

फेरिटिनबद्दल थोडं जास्त सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019-21 मध्ये, देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया ॲनिमिक निघाल्या. पण हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा रिकामा असू शकतो, आणि तो फक्त फेरिटिनमध्ये दिसतो. ते 30 च्या खाली असेल तर 'एचबी बारा आहे, काही झालेलं नाही' या उत्तरावर थांबू नका. पाळीत फार रक्त जात असेल तर तेही आपणहून सांगा. बायका ते सांगत नाहीत आणि बरेचदा त्यांना कुणी विचारतही नाही. सवलतीतल्या फुल बॉडी चेकअपमध्ये फेरिटिन असेलच असं नाही, लॅबवाल्याला आधी विचारून घ्या.

बी-12 ची कमतरता शाकाहारी घरांत भरपूर दिसते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीसाठी रोज उपाशीपोटी गोळी घेणाऱ्यांतही ते घसरतं. व्हिटॅमिन डीचं 60 हजार युनिटचं सॅशे सहसा आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ, गळून जाणं आणि किडनीला त्रास, इथपर्यंत प्रकरण जातं. थायरॉईडची गोळी लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतली तर ती नीट शोषली जात नाही, दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवावं लागतं.

आणखी दोन गोष्टी आपल्याकडे हमखास निसटतात. एक टीबी: संध्याकाळचा बारीक ताप, उतरणारं वजन, दोन आठवड्यांहून जास्त खोकला. सरकारी केंद्रात थुंकीची तपासणी फुकट होते. दुसरी स्लीप ॲप्निया. नवरा जोरात घोरतो, मध्येच श्वास अडकून दचकतो आणि दिवसा मीटिंगमध्ये डुलक्या काढतो, असं वर्णन ऐकलं की मी एकच सांगते, आधी स्लीप स्टडी करा.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. मग एमई/सीएफएस ठरवतात कसा?

लक्षणांवरून. त्यासाठी रक्ताची चाचणी अजून नाही. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2015 साली निकष मांडले. सहा महिन्यांहून जास्त काळ पूर्वीसारखं जगता न येण्याइतका थकवा, श्रमानंतरचा क्रॅश आणि झोपूनही ताजं न वाटणं, ही तिन्ही हवीत. त्यांच्या जोडीला विचारशक्ती मंदावणं किंवा उभं राहिल्यावर त्रास होणं, या दोन्हींपैकी एक तरी हवं. ब्रिटनच्या नाईस या संस्थेच्या 2021 च्या मार्गदर्शिकेत निदानासाठी तीन महिने पुरेसे धरले आहेत. मला ते जास्त पटतं, कारण वाट पाहण्याच्या काळातच माणसं स्वतःला रेटून आणखी खालावतात.

उभं राहिल्यावरचा त्रास तपासायची एक साधी रीत आहे. काही मिनिटं शांत पडून नाडी आणि बीपी मोजायचं. मग भिंतीला खांदे टेकवून दहा मिनिटं उभं राहायचं आणि दर मिनिटाला दोन्ही लिहायचं. बीपी फारसं न पडता मोठ्यांच्या नाडीचे ठोके 30 किंवा त्याहून जास्त वाढून तसेच टिकले, तर पॉट्स नावाच्या त्रासाची शंका घेतात. यावर उपचार आहेत, म्हणून ही तपासणी मोलाची. चक्कर येऊ शकते, तेव्हा शेजारी कुणीतरी हवंच. शक्यतो दवाखान्यात करा.

डेंग्यूनंतर सुरू झालं. कोविडनंतर सुरू झालं. असं होतं का?

होतं. पुष्कळांच्या बाबतीत सुरुवात एखाद्या तापानेच होते. ऑस्ट्रेलियातल्या डब्बो भागात तीन वेगवेगळ्या संसर्गांनंतर लोकांवर लक्ष ठेवलं गेलं, तेव्हा सहा महिन्यांनी दहा जणांमागे साधारण एकाला हा आजार जडलेला आढळला. त्या तिन्हींपैकी एक डासांमधून पसरणारा रॉस रिव्हर विषाणू होता, आणि तो आपल्या चिकनगुनियाच्या विषाणूच्या कुळातला आहे. लाँग कोविडच्या काही रुग्णांतही हेच निकष पूर्ण होतात. पावसाळ्यात ताप येऊन गेल्यावर काही आठवडे अशक्तपणा राहणं स्वाभाविक आहे. त्या काळात ऑफिसला लगेच पळू नका, एवढं मी कळकळीने सांगेन.

हा मनाचा आजार आहे, असं डॉक्टर म्हणाले.

नैराश्यात काही करावंसंच वाटत नाही. या आजारात करायचं खूप असतं, यादी डोक्यात तयार असते, शरीर साथ देत नाही. नैराश्यात थोडं चालून आल्यावर अनेकांना बरं वाटतं. इथे चालून आल्यावर क्रॅश होतो. सलग दोन दिवस सायकलवर श्वास मोजण्याची चाचणी घेतली तर दुसऱ्या दिवशी या रुग्णांची क्षमता घसरलेली दिसते. निरोगी पण व्यायामाची सवय नसलेल्या माणसात तसं होत नाही. 2025 साली एडिनबरा विद्यापीठाच्या नेतृत्वाखालच्या अभ्यासात 15 हजारांहून अधिक रुग्णांची जनुकं तपासली गेली. प्राथमिक निष्कर्षांत जनुकांच्या आठ जागी फरक आढळले, त्यांतले काही प्रतिकारशक्ती आणि मज्जासंस्थेशी जोडलेले आहेत.

तरीही वर्षानुवर्षं असं जगताना मन खचतं, आणि त्यावर उपचार घेण्यात कमीपणा नाही. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र बोलता येतं. जीव नकोसा झाल्यासारखं वाटत असेल तर हे उद्यावर ढकलू नका.

कुठल्या डॉक्टरकडे जायचं?

ऐकून घेणाऱ्या एमडी मेडिसिन डॉक्टरकडे. या आजाराचा वेगळा स्पेशालिस्ट शोधत मुंबईभर फिरणं हाच एक मोठा श्रम आहे. खर्चाची अडचण असेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशीचं महापालिका रुग्णालय आणि नेरूळचं डी. वाय. पाटील रुग्णालय इथे मेडिसिनची ओपीडी आहे. रांगेत तासभर उभं राहणं जमणार नसेल तर केसपेपर काढायला दुसऱ्या कुणाला पाठवा, किंवा घडीचं स्टूल सोबत न्या. डॉक्टरांसमोर बसल्यावर निम्मं विसरायला होतं, म्हणून एका कागदावर चार ओळी लिहून न्या: कधीपासून, कशानंतर, क्रॅश कसा होतो, आधी काय जमायचं आणि आता काय जमत नाही.

ॲलोपॅथीत यावर औषध आहे का?

मुळापासून बरं करणारं औषध नाही. जे आहे ते एकेका त्रासावरचं. झोप आणि दुखण्यासाठी ॲमिट्रिप्टिलीन अगदी कमी मात्रेत देतात. पॉट्ससाठी पाणी, मीठ, दाबाचे लांब मोजे आणि गरज पडली तर प्रोप्रॅनोलॉल, आयव्हाब्रॅडीन किंवा मिडोड्रीन यांसारखी औषधं वापरतात. जादा मीठ बीपी, किडनी किंवा हृदयाचा आजार असणाऱ्यांनी मनाने घेऊ नये. कमी मात्रेतलं नालट्रेक्सोन काहींना मानवतं, पण त्यामागचे अभ्यास लहान आहेत. शिवाय ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामकासोबत ते चालत नाही, आणि आपल्याकडे कंबरदुखीला ट्रॅमाडॉल सहज लिहून दिलं जातं.

मोठ्या आशा फोलही ठरल्या आहेत. रिटुक्सिमॅब या औषधाने सुरुवातीला चांगलं चित्र दाखवलं, पण नॉर्वेत 151 रुग्णांवर झालेल्या चाचणीत ते सलाईनच्या खोट्या डोसपेक्षा सरस ठरलं नाही. तो निकाल 2019 साली प्रसिद्ध झाला. कुणी महागडं इंजेक्शन नवा शोध म्हणून सुचवलं तर हे उदाहरण आठवा. आणि या थकव्यासाठी म्हणून स्टेरॉइड घेऊ नका. चार दिवस बरं वाटतं, आणि जास्त काळ घेतल्यास शरीराची स्वतःची संप्रेरकं मंदावतात.

सगळे म्हणतात चालायला जा, व्यायाम वाढव. जाऊ का?

तलावपाळीला फेऱ्या मार, उपवनला जा, येऊरला चढ, हे मीही भरपूर ऐकलं आहे. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. त्या सल्ल्याला वैद्यकीय आधारही होता: 2011 साली ब्रिटनमध्ये 641 रुग्णांवरचा पेस नावाचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला आणि ठरल्या टप्प्यांनी व्यायाम वाढवण्याची शिफारस जगभर पसरली. पुढे त्या अभ्यासाच्या पद्धतीवर जोरदार टीका झाली, कारण बरं होण्याचे निकष अभ्यास सुरू झाल्यावर सैल केले गेले होते. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 2017 साली ही शिफारस काढली. नाईसने 2021 मध्ये स्पष्ट लिहिलं, की एमई/सीएफएसच्या रुग्णांना ठरावीक वाढीचा व्यायाम देऊ नये, आणि सीबीटी हे समुपदेशन आजार हाताळायला मदत म्हणून द्यावं, तो बरा करणारा उपाय म्हणून नव्हे.

ही माहिती अजून सगळ्या दवाखान्यांत आणि फिजिओथेरपी सेंटरांत पोचलेली नाही, याचं मला फार वाईट वाटतं. रेटून चालायला लावल्यामुळे घरातल्या घरात फिरणारी माणसं पलंगाला खिळतात. म्हणून निदान पक्कं असेल तर नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणा. सांधे आखडू नयेत म्हणून पडल्या पडल्या हात-पाय हलवणं वेगळं, तेवढं क्रॅश न होता जमत असेल तर करावं.

मग पेसिंग म्हणजे नेमकं काय करायचं?

आजच्या घडीला सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी गोष्ट हीच. महिन्याच्या ठरलेल्या पगारात घर चालवावं तशी दिवसाची ताकद वापरायची. उधारी काढली की व्याज क्रॅशच्या रूपाने द्यावं लागतं, आणि ते फार जबर असतं.

आधी दोन आठवडे साधी वही ठेवा. काय केलं, किती वेळ केलं, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी कसं वाटलं. यातून तुमची मर्यादा दिसते, आणि ती तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरीच खाली असते. मग रोजचं काम त्या मर्यादेच्याही थोडं खाली ठेवायचं, बरं वाटणाऱ्या दिवशीसुद्धा. सगळ्यात अवघड जातं ते हेच. बरं वाटलं की तुंबलेले कपडे, राहिलेली बँक, आईकडे जाऊन येणं, सगळं एकाच दिवशी उरकायची घाई होते.

कामाचे तुकडे करा. भाजी बसून चिरा. पोळ्यांसाठी उंच स्टूल घ्या, किंवा पोळ्या सरळ बाहेरून मागवा, त्यात काही बिघडत नाही. अंघोळ स्टुलावर बसून, फार कढत पाण्याने नाही. डोक्याचं काम आणि भावनिक ताण हेही श्रमच धरायचे: सोसायटीच्या मीटिंगमधली वादावादी जिना चढण्याइतकीच महागात पडते. घड्याळात नाडी दिसत असेल तर अनेक रुग्ण एक ढोबळ मर्यादा पाळतात, विश्रांतीच्या ठोक्यांपेक्षा 15 ने वाढ झाली की थांबायचं. बीटा-ब्लॉकर (प्रोप्रॅनोलॉलसारखी नाडी मंदावणारी औषधं) घेणाऱ्यांना हा आकडा जसाच्या तसा लागू होत नाही.

विश्रांती म्हणजे मोबाईल बघत पडणं नव्हे. डोळे मिटून, खोलीत अंधार करून, दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून अनेकदा, आणि थकण्याआधी.

ताकदीचं इंजेक्शन किंवा सलाईन घेऊ का?

बी-12 खरोखर कमी असेल तर त्याचं इंजेक्शन हा योग्य उपचार आहे. बाकी रंगीत बाटल्यांतली ताकद बहुतांशी पाणी, मीठ, साखर आणि बी-कॉम्प्लेक्स असते. पॉट्सच्या रुग्णाला सलाईननंतर काही तास हलकं वाटतं, तेही रक्तातलं पाणी वाढल्यामुळे. तेच काम ओआरएस बऱ्याच अंशी करतं. ग्लुटाथायॉन, ओझोन, स्टेम सेल अशी पॅकेजं विकणाऱ्यांकडे या आजारासाठी पटण्यासारखा पुरावा नाही. असल्या पॅकेजसाठी दागिने मोडू नका.

आयुर्वेद करून पाहावा का?

आपल्या घरांत हा प्रश्न येणारच, आणि विचारणाऱ्याला झिडकारणं मला पटत नाही. चांगला वैद्य वेळ देतो, झोप, पचन आणि दिनचर्या विचारतो, आणि आजाऱ्याला आपलं म्हणणं कुणीतरी ऐकलं असं वाटतं. हलक्या हाताने तेल लावून घेणं, वेळेवर ताजं जेवण, रात्रीचं जागरण टाळणं यांतून अनेकांना आराम मिळतो. एमई/सीएफएस बरा होतो असं मात्र कुठल्याही काढ्याबद्दल सिद्ध झालेलं नाही.

औषध पोटात घ्यायचं झालं तर 'वनस्पती आहे, अपाय काय होणार' हे मनातून काढून टाका. अश्वगंधा थायरॉईडची संप्रेरकं वाढवू शकते, झोपेच्या गोळीची गुंगी वाढवते, आणि तिच्यामुळे लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डेन्मार्कने 2023 साली तिच्यावर बंदी घातली. गरोदरपणात ती घेऊ नये. गुळवेलीबद्दल 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनीच लिव्हरला सूज आलेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला आणि दिसायला तशीच दुसरी वेल वापरली गेली असावी असं म्हटलं. वाद कुठेही जावो, दारातली वेल तोडून रोज काढा पिणाऱ्याने लिव्हरची तपासणी करून घ्यावी. ज्येष्ठमध जास्त काळ घेतल्यास बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं.

भस्मं आणि रसौषधी (धातू-पाऱ्यापासून केलेली औषधं) यांबाबत मी जास्तच सावध आहे. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांची अमेरिकेत तपासणी झाली, तेव्हा सुमारे एक पंचमांश नमुन्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. हा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. शिशाची विषबाधा झाली तर तिच्या लक्षणांतही पुन्हा थकवाच असतो! म्हणून लेबल नसलेली पुडी घेऊ नका आणि घटक लिहून मागा. लिहून द्यायला जो तयार नाही त्याचं औषध नको.

पंचकर्मातलं वमन (उलटी करवणं) आणि विरेचन (जुलाब करवणं) शरीराला दमवणारं आहे. मध्यम किंवा तीव्र आजारात ते टाळावं असं माझं स्पष्ट मत आहे. सेंटरपर्यंतचा रोजचा प्रवास हा त्यात धरायचा आणखी एक श्रम.

योग आणि प्राणायाम?

सूर्यनमस्कार नको. जपानमध्ये 2014 साली 30 रुग्णांवर एक छोटा अभ्यास झाला, त्यात खुर्चीत बसून, शरीराला फार न ताणता करायचा योग वापरला आणि थकवा काहीसा कमी झाला. पुढे झोपून करायचा प्रकारही त्यांनी तपासला. अभ्यास लहान आहेत, पण दिशा मला योग्य वाटते. शवासन, संथ श्वास, योगनिद्रा हे बहुतेकांना झेपतं. जोरात कपालभाती केल्यावर ज्यांना चक्कर येते त्यांनी ती सोडून द्यावी. इतरांसोबत राहण्याच्या भिडेने सकाळच्या बागेतल्या ग्रुपमध्ये स्वतःला ओढत नेऊ नका.

होमिओपॅथी आणि ॲक्युपंक्चर?

होमिओपॅथीने हा आजार हटतो असा खात्रीचा पुरावा नाही. चालू औषधं बंद करायला सांगितली तर ऐकू नका. ॲक्युपंक्चरचे अभ्यास बरेच असले तरी त्यांचा दर्जा कच्चा आहे. दुखणं कमी होत असेल, सुया एकदाच वापरायच्या असतील आणि जाण्या-येण्याने क्रॅश होत नसेल, तर करून पाहायला हरकत नाही.

सप्लिमेंट्स कोणती घ्यावीत?

कमतरता असेल ती भरून काढा. कोएन्झाइम क्यू-10 आणि एनएडीएच यांवर लहान अभ्यास आहेत, त्यांत थोडा फायदा दिसतो. पण गोळ्यांचा मासिक खर्च तेवढ्याच पैशांत स्वयंपाकाला बाई लावण्याच्या खर्चाशी ताडून पाहा. मी दुसरी निवडेन.

एखादा उपचार लागू पडतोय की नाही, कसं ओळखू?

एका वेळी एकच गोष्ट सुरू करा. नव्या वैद्याचा काढा, नवी गोळी आणि नवा आहार एकाच सोमवारी सुरू केला तर काहीच कळत नाही. सुरू करण्याआधीच ठरवा: किती दिवस, किती पैसे, आणि काय सुधारलं तर पुढे चालू ठेवायचं. 'बरं वाटतंय' यापेक्षा मोजता येणारं काही घ्या, जसं आठवड्यातले क्रॅशचे दिवस, किंवा क्रॅश न होता उभं राहून केलेल्या कामाची मिनिटं. आजार आपसूक वर-खाली होत असतो. माणूस उपचार शोधतो तो सगळ्यात वाईट काळात, आणि त्यानंतर थोडं बरं वाटणं तसंही घडणार असतं. हाच नियम एमडी डॉक्टरांच्या गोळीला आणि वैद्यांच्या चूर्णाला सारखाच लावा. डॉक्टरांना काढ्याबद्दल आणि वैद्यांना गोळ्यांबद्दल खरं सांगा, रागावले तरी.

नोकरी कशी सांभाळू?

ठाण्याच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर ऐरोलीची लोकल पकडेपर्यंतच दिवसाची निम्मी ताकद जाते, असं मला पुष्कळ जण सांगतात. घरून काम हा इथे औषधाइतकाच महत्त्वाचा उपाय आहे. एचआरला आजाराच्या नावापेक्षा कामाच्या भाषेत लिहिलेलं डॉक्टरांचं पत्र द्या: सलग बसण्याची मर्यादा, मध्ये विश्रांती, आठवड्यात घरून किती दिवस. कामगार विम्याचे (ईएसआय) सभासद असाल तर आजारपणाच्या रजेत वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के लाभ मिळू शकतो. वाशीला आणि ठाण्यात वागळे इस्टेटला त्यांची रुग्णालयं आहेत. 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत हा आजार नाही, त्यामुळे नुसत्या या निदानावर दाखला मिळत नाही. तो यादीत यावा असं मला मनापासून वाटतं.

गौरी-गणपतीत काय करायचं? घरचे समजून घेत नाहीत.

सण येण्याआधीच बसून वाटणी करा. तुमच्याकडे एकच काम, तेही बसून करण्याचं. वाती वळणं, आरतीचं तबक लावणं, मोदकांच्या पाऱ्या करणं. बाकीचं दुसऱ्यांकडे. दर्शनाला येणाऱ्यांची वेळ ठरवा आणि आतली एक खोली तुमच्यासाठी बंद ठेवा. सणाच्या दिवशी तुम्ही हसतमुख दिसता आणि क्रॅश पाहुणे गेल्यावर होतो, म्हणून सासूबाईंना तो दिसतच नाही. त्यांना तिसऱ्या दिवशी खोलीत बोलवा, बसवा, दाखवा. वादापेक्षा त्याने जास्त फरक पडलेला मी पाहिला आहे.

हा आजार बरा होतो का?

काही जण बरे होतात, विशेषतः लहान वयात आणि लवकर विश्रांती मिळाली तर. अनेक जण सुधारतात पण पूर्वीसारखे होत नाहीत. काही खालावतात. बरं करण्याची हमी देणाऱ्यापासून लांब राहा.

घरातलं माणूस अंथरुणाला खिळलंय. काय करू?

किमान एक चतुर्थांश रुग्णांवर कधी ना कधी घरात किंवा पलंगावर अडकून पडण्याची वेळ येते, त्यामुळे तुम्ही एकटे नाही. खोली अंधारी आणि शांत ठेवा, प्रश्न हो-नाहीत उत्तर देता येईल असे विचारा, उदबत्ती आणि फोडणीचा वास आत जाऊ देऊ नका. डॉक्टर घरी येतील का ते विचारा, नाहीतर फोनवर सल्ला घ्या. गिळायला त्रास, झपाट्याने उतरणारं वजन, पाणीही न पोचणं, छातीत दुखणं, श्वास लागणं, शुद्ध हरपणं यांपैकी काही दिसलं तर थांबू नका, रुग्णालय गाठा. 108 ला फोन करण्याआधीच तयार असलेलं एक पान घरात ठेवा. त्यावर निदान, चालू औषधं, कशाची ॲलर्जी आहे, आणि उजेड-आवाजाने त्रास वाढतो ही सूचना लिहा. डोळ्यांवरची पट्टी आणि कानातले बोळे त्याच पिशवीत असू द्या, कारण इमर्जन्सीत स्वतःबद्दल काही सांगण्याचं त्राण आजाऱ्याला नसतं.